मदतीचा हात आणि त्या हाताचे बळ

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



पन्नास वर्षांची अखंड सेवा ही कोणत्याही संस्थेला भूषणावह अशी गोष्ट आहे. या मंगल प्रसंगी आपण मला चार शब्द बोलण्याचा बहुमान दिलात, याबद्दल मी ट्रस्टची मनःपूर्वक ऋणी आहे. सुवर्णमहोत्सवात संस्थापकांचे आणि देणगीदारांचे स्मरण होते व ते यथोचितच आहे. आज मात्र मी आपले लक्ष एका अशा व्यक्तीकडे वेधू इच्छिते, जिचे नाव कोनशिलेवर कोरले जात नाही आणि देणगीदारांच्या यादीतही येत नाही. देणारा आणि घेणारा या दोघांच्या मध्ये ती उभी असते. ती व्यक्ती म्हणजे समाजकार्यकर्ता. माझी सारी नोकरी रुग्णालयातील समाजसेवा विभागात गेली, म्हणून उदाहरणे प्रामुख्याने त्याच क्षेत्रातील देईन.

आपल्या ट्रस्टकडे येणारा वैद्यकीय साहाय्याचा एखादा अर्ज डोळ्यांसमोर आणा. त्याला शिधापत्रिकेची प्रत जोडलेली असते, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला असतो, डॉक्टरांनी दिलेले खर्चाचे अंदाजपत्रक असते आणि रुग्णालयाच्या समाजसेवा विभागाचे शिक्का मारलेले एक पानी पत्र असते. कुटुंबाची परिस्थिती, अन्यत्र मिळालेली मदत आणि अद्याप पडणारी तूट एवढाच मजकूर त्यात असतो. पण ते एक पान लिहिण्यापूर्वी कुणीतरी त्या कुटुंबाशी तासभर बोललेले असते. घरात कमावते कोण, शेत गहाण पडले आहे काय, मुलीची शाळा सुटली काय, शासकीय योजनेतून यातला किती भार उचलला जाईल, हे सारे त्याने विचारलेले असते. ट्रस्टचा रुपया योग्य ठिकाणी पोहोचेल याची पहिली हमी तो देतो. दात्याचा विश्वास आणि रुग्णाची लाज या दोहोंची जपणूक त्याला एकाच वेळी करावी लागते.

पत्रात न मावणारे कामही पुष्कळ असते. मूत्रपिंडाच्या विकाराने आजारी असलेल्या एका गृहस्थांच्या डायलिसिसचा खर्च एका ट्रस्टने मोठ्या उदारपणे उचलला होता. तरीही काही आठवड्यांनी त्यांचे येणे थांबले. चौकशी केली तेव्हा कळले की उपचार विनामूल्य होते, पण आठवड्यातून दोनदा शहरात येण्याचे भाडे आणि सोबत येणाऱ्या मुलाची बुडणारी मजुरी कुणीच हिशेबात धरली नव्हती. आमच्या विभागातील कार्यकर्तीने त्यांच्या गावाजवळच्या शासकीय केंद्रात सोय करून दिली आणि उपचार पुन्हा सुरू झाले. पैसा होता, यंत्र होते, डॉक्टरही होते. तरी या सर्वांना रुग्णाच्या घराशी जोडणारे माणूस नसते, तर ते सारे दान वाया गेले असते.

रुग्णालयात या कामाची गरज आहे, हे वैद्यकशास्त्राने शतकापूर्वीच ओळखले. लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलमध्ये १८९५ साली मेरी स्टुअर्ट यांची या कामी नेमणूक झाली. बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये डॉ. रिचर्ड कॅबट यांनी १९०५ साली समाजसेवा विभाग सुरू केला, कारण रुग्णाचे घर समजल्याशिवाय त्याचा रोग समजत नाही, असे त्यांना दिसून आले होते. आपल्याकडे मुंबईच्या नागपाड्यात १९३६ साली सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क स्थापन झाले. तीच आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था. भारतातील पहिल्या वैद्यकीय समाजकार्यकर्त्याची नेमणूक १९४६ साली मुंबईच्याच जे. जे. रुग्णालयात झाली. पुढे मुंबईत निर्मला निकेतन (१९५५), पुण्यात कर्वे समाजसेवा संस्था (१९६३) अशी महाविद्यालये उभी राहिली. या व्यवसायाची भारतातील पाळेमुळे अशी महाराष्ट्राच्या मातीत आहेत.

येथे एक प्रामाणिक शंका नेहमी घेतली जाते. सेवा ही अंतःकरणाची गोष्ट आहे. तिला पदवी कशाला आणि वेतन कशाला? शंका घेणाऱ्यांच्या मनात सेवेविषयी आदरच असतो, म्हणून तिचे उत्तर आदराने दिले पाहिजे. ते उत्तर आपल्याच थोर पुरुषांनी देऊन ठेवले आहे. नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९०५ साली पुण्यात भारत सेवक समाजाची स्थापना केली, तेव्हा सभासदाला त्यागाची शपथ घ्यावी लागे. पण त्या शपथेबरोबरच पाच वर्षांचे प्रशिक्षण सक्तीचे होते आणि सभासदाच्या व त्याच्या कुटुंबाच्या निर्वाहाची जबाबदारी समाजाने स्वीकारली होती. ना. म. जोशी आणि ठक्कर बाप्पा हे याच शिस्तीतून पुढे आले. बाबा आमट्यांच्या करुणेविषयी कुणाला शंका असेल काय? तरीही कुष्ठरुग्णांची सेवा करण्यासाठी त्यांनी कोलकात्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये जाऊन त्या रोगाचे शिक्षण घेतले. करुणा त्यांच्यापाशी होतीच. ती रुग्णाच्या उपयोगी पडावी म्हणून त्यांनी तिला ज्ञानाची जोड दिली.

आता मान्यतेकडे वळू. आपल्याकडे कार्यकर्त्याचा गौरव म्हटले की शाल, श्रीफळ आणि सन्मानचिन्ह. त्यामागील भावना मोलाची आहे. परंतु गौरव आणि मान्यता यांत अंतर आहे. गौरव वर्षातून एका सायंकाळी होतो. मान्यता रोजच्या कामात दिसावी लागते. डॉक्टरांच्या बैठकीत कार्यकर्त्याचे मत विचारले जाते काय? त्याला रुग्णाशी एकांतात बोलायला एखादी खोली असते काय, की वॉर्डाच्या दारातच एखाद्या स्त्रीने आपल्या संसाराचे दुःख सर्वांसमोर सांगायचे? ‘समाजसेवा अधीक्षक’ हे पद धारण करणाऱ्याचा दिवस समुपदेशनात जातो, की रांगा लावण्यात आणि अर्जांवर शिक्के मारण्यात? मान्यतेची परीक्षा या प्रश्नांत आहे.

कायद्याने या दिशेने काही पावले निश्चित टाकली आहेत. बाल न्याय कायद्यानुसार बाल न्याय मंडळात दंडाधिकाऱ्यांच्या बरोबरीने दोन समाजकार्यकर्ते बसतात आणि त्यांपैकी किमान एक महिला असते. अवयव प्रत्यारोपणाच्या कायद्यात २०११ साली दुरुस्ती होऊन रुग्णालयांना प्रत्यारोपण समन्वयक नेमणे बंधनकारक झाले आणि समाजकार्याचे पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्यांना त्या कामी प्राधान्य मिळाले. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मनोविकार क्षेत्रातील समाजकार्यकर्त्याची व्याख्या केली. २०२१ साली संलग्न आरोग्य व्यावसायिकांसाठी जो राष्ट्रीय आयोगाचा कायदा झाला, त्याच्या अनुसूचीत वैद्यकीय आणि मनोविकार समाजकार्यकर्त्यांचा समावेश आहे. ही मोठीच प्रगती होय. मात्र ती आरोग्यक्षेत्रापुरती आहे. परिचारिकांसाठी १९४७ साली आणि वकिलांसाठी १९६१ साली कायद्याने परिषद स्थापन झाली. बालगृहात, वस्तीत, आदिवासी पाड्यात, वृद्धाश्रमात काम करणाऱ्या समाजकार्यकर्त्यासाठी तशी राष्ट्रीय परिषद नाही. त्यामुळे शिक्षणाची किमान पातळी, आचारसंहिता, नोंदणी, चुकीच्या वर्तनाबद्दल जाब, यांपैकी काहीच सर्वांसाठी एकसारखे नाही. यात कार्यकर्त्याचे नुकसान आहेच, पण ज्याला दाद मागायला जागा नाही त्या लाभार्थ्याचे नुकसान अधिक आहे.

साधनांचा प्रश्न तर थेट आपल्यासारख्या संस्थांशी निगडित आहे. देणगीदार यंत्र देतात, रुग्णवाहिका देतात, इमारतीचा मजला बांधून देतात. त्या वस्तू दिसतात आणि त्यांवर नाव लिहिता येते. कार्यकर्त्याचे वेतन मात्र ताळेबंदात ‘प्रशासकीय खर्च’ या सदरात पडते आणि तो खर्च जितका कमी तितकी संस्था कार्यक्षम, असे आपण समजतो. उधळपट्टीला आळा बसलाच पाहिजे, याविषयी दुमत नाही. पण रुग्णाच्या घरी जाणाऱ्या कार्यकर्त्याचे वेतन आणि कार्यालयातील शोभेचा खर्च एकाच सदरात मोजणे न्याय्य नाही. औषध हा जसा सेवेचा भाग आहे, तसे ते औषध वेळेवर घेतले जाते की नाही हे पाहणारे माणूसही सेवेचाच भाग आहे.

महाराष्ट्रातील धर्मादाय रुग्णालयांचे उदाहरण घ्या. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानुसार २००६ साली जी योजना लागू झाली, तिच्या अन्वये या रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी राखून ठेवाव्या लागतात आणि एकूण देयकांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावी लागते. तरतूद उत्तम आहे. परंतु खेड्यातून आलेल्या, घाबरलेल्या माणसाला ती कोण सांगणार? त्याची कागदपत्रे कोण पुरी करून घेणार? त्या खाटेपर्यंतची वाट समाजसेवा विभागाच्या टेबलावरूनच जाते. त्या टेबलामागे माणूस नसेल किंवा एकाच माणसावर चौघांचे काम असेल, तर खाट रिकामी राहते आणि रुग्ण पायरीवर.

तिसरा मुद्दा व्यावसायिक विकासाचा. या बाबतीत आपल्याच राज्यातील दोन प्रयोग मला मार्गदर्शक वाटतात. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली काम सुरू केले. गावोगावच्या अल्पशिक्षित वा निरक्षर स्त्रियांना त्यांनी आरोग्य कार्यकर्त्या केले. त्यांचे शिक्षण एका शिबिरात आटोपले नाही. त्या पुन्हा पुन्हा केंद्रावर येत, गावातील अडचणी मांडत, नवे शिकत आणि परत जात. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातील स्त्रियांना नवजात बाळाची घरच्या घरी काळजी घेण्याचे शिक्षण दिले. १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. नवजात बालकांच्या मृत्युदरात ६२ टक्के घट झाल्याचे त्यात नोंदले आहे. हे मोठी रुग्णालये बांधून साधलेले नाही. साध्या माणसाला नेमके शिक्षण, हातात आवश्यक ती साधने, पाठीशी सतत देखरेख आणि कामाचा मोबदला, या चार गोष्टी एकत्र आल्या म्हणून ते साधले.

पदवीधर कार्यकर्त्यालाही याच चार गोष्टी लागतात. कायदे बदलतात, योजनांची नावे आणि निकष बदलतात. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २०१२ साली आली आणि २०१७ साली तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले. दरम्यान आजारांच्या याद्या आणि पात्रतेचे नियमही बदलत गेले. ज्याला हे वेळीच कळत नाही, तो रुग्णाला चुकीच्या दारी पाठवतो. शिवाय या विषयाचे बरेचसे ग्रंथ आणि नियतकालिके इंग्रजीत आहेत, तर काम चालते मराठीत, वऱ्हाडीत, अहिराणीत. मराठीतून उजळणी वर्ग आणि प्रत्यक्ष प्रकरणांच्या नोंदींचे वाचन, ही तातडीची गरज आहे.

आणखी एक गोष्ट क्वचितच बोलली जाते. रोज इतरांचे दुःख ऐकणाऱ्याच्या मनावर त्याचा थर साचत जातो. एखादे लहान मूल दगावते आणि त्याच्या आईला धीर देऊन झाल्यावर पुढच्या दहा मिनिटांत कार्यकर्तीला दुसऱ्या रुग्णासमोर प्रसन्न चेहऱ्याने बसावे लागते. मन मोकळे करायला आणि निर्णय तपासून घ्यायला जाणता वरिष्ठ नसेल, तर दोनांपैकी एक घडते. माणूस खचून काम सोडतो, किंवा नोकरीत राहतो आणि बधिर होतो. दुसरे अधिक घातक, कारण त्याची किंमत रुग्ण मोजतो.

मग आपल्या ट्रस्टसारख्या संस्थेने काय करावे? माझ्या चार नम्र सूचना आहेत. पहिली, दरवर्षी मंजूर होणाऱ्या साहाय्याचा एक निश्चित वाटा कार्यकर्त्यांच्या वेतनासाठी आणि प्रवासखर्चासाठी राखून ठेवावा व तो ‘सेवाखर्च’ म्हणून उघडपणे दाखवावा. दुसरी, समाजकार्याचे शिक्षण घेणाऱ्या होतकरू विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती द्यावी. अभियांत्रिकी आणि वैद्यकीय शाखांना आपण देतोच. तिसरी, ज्या रुग्णालयांतून आपल्याकडे अर्ज येतात, तेथील समाजसेवा विभागांच्या कार्यकर्त्यांना वर्षातून दोनदा येथे बोलवावे, त्यांना नव्या योजनांची माहिती द्यावी आणि त्यांचे अनुभव विश्वस्तांनी स्वतः ऐकावेत. चौथी, मदत मंजूर झाल्यावर त्या कार्यकर्त्याला दोन ओळींचे पत्र पाठवावे आणि पुढे रुग्णाचे काय झाले हे विचारावे. या चौथ्या सूचनेला खर्च नाही. पण आपले पत्र कुणी गंभीरपणे वाचते, ही जाणीव कार्यकर्त्याला वर्षभर पुरते.

आहारदान, औषधदान, ज्ञानदान आणि अभयदान यांचे मोल या सभागृहात मी सांगावे असे नाही. एवढेच म्हणेन की शिकलेला, सुस्थिर आणि सन्मानाने वागवला गेलेला कार्यकर्ता हा या चारही दानांना घरापर्यंत नेणारा वाहक आहे. त्याच्या शिक्षणावर आणि निर्वाहावर केलेला खर्च गरिबाच्या वाट्यातून वजा होत नाही. त्या खर्चामुळेच गरिबाचा वाटा त्याच्या हाती पडतो.

येत्या पन्नास वर्षांत आपल्या ट्रस्टच्या हातून असेच उदंड कार्य घडो आणि त्या कार्याच्या इतिहासात देणाऱ्यांच्या नावांशेजारी ते पोहोचवणाऱ्यांचीही नावे नोंदली जावोत, अशी शुभेच्छा व्यक्त करते.