परसातला रिकामा गोठा



पुणे-लोणावळा लोहमार्गावर तळेगाव आणि बेगडेवाडी यांच्यामध्ये घोरावाडी हे लहानसे स्थानक आहे. त्याच्या भोवतालच्या मावळपट्ट्यात शेतकऱ्याच्या घरामागे, परसात, गोठा असावयाचाच. भातखाचरांतील चिखलणी ट्रॅक्टर व पॉवर टिलर करू लागले, तसतशा बैलजोड्या कमी झाल्या आणि दावणी ओस पडल्या. रिकाम्या गोठ्यात प्रथम सरपण येते, मग मोडकी खाट येते, आणि त्यामागून विंचू. तळेगावच्या बाजूस कारखानदारी वाढल्यावर गोठ्याच्या जागी भाड्याच्या खोल्या काढण्याकडे कल झाला. त्याबद्दल कोणास दोष देण्याचे कारण नाही. भाडे हा संसाराला आधारच असतो. परंतु ज्या घराला ती निकड नाही, त्याने गोठा पाडण्यापूर्वी एवढे पाहावे की, पावसाळ्यात घरातल्या मुलाने पुस्तक घेऊन बसावे कोठे? माजघरात दूरदर्शन चालू असते, ओटीवर झड येते, आणि शाळेला तर सायंकाळी कुलूप लागलेले असते.

शिक्षणाने मुलाच्या दारी जावे, हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी झाल्या. वस्तीतील मुले बालवाडीपर्यंत येत नाहीत असे दिसताच बालवाडीच त्यांच्या अंगणात नेण्यात आली. पुढे कोसबाडच्या टेकडीवर गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. १९७५ साली एकात्मिक बाल विकास सेवा योजना सुरू झाली, तेव्हा 'अंगणवाडी' हे नाव देशभर गेले. अंगणापासून परसातला गोठा कितीसा दूर?

मात्र गोठा झाडून सतरंजी अंथरली म्हणजे बैठक झाली, असे नव्हे. वर्षानुवर्षे गोमूत्र मुरलेल्या भुईत क्षार साठलेले असतात. तिच्यावर तशीच सिमेंटची कोबा-जमीन केली तर ओल वर चढते, पांढरी बुरशीसारखी भुकटी फुटते व पोपडे निघतात. म्हणून वरची माती वीतभर तरी खणून काढावी. ती फेकू नये. शेताला ते उत्तम खत आहे. खड्ड्याला काही दिवस ऊन व वारा लागू द्यावा, मग मुरूम घालून धुमसावा आणि वर सारवण करावे. मोरीकडे असलेला उतार मोडू नये, धुतलेले पाणी त्यानेच बाहेर जाते. दावणीचे खुंटे मात्र उपटावेत, कारण अंधारात त्यांवर मुले अडखळतात.

खांबांचे बूड कोयत्याच्या टोकाने टोचून पाहावे. लाकूड भुसभुशीत लागले तर तेवढा भाग कापून खाली दगडी बैठक द्यावी, आणि हे काम सुताराकडूनच करवावे. माळ्यावरचा जुना पेंढा उतरवावा. त्यात उंदीर राहतात व उंदरांमागे साप येतो. छपरावर जुने सिमेंटचे पत्रे असतील तर ते करवतीने कापू नयेत अथवा फोडू नयेत. त्यांत ॲस्बेस्टॉस असण्याचा संभव असतो व त्याची धूळ फुप्फुसांस घातक आहे. कौलारू छपरात दोनचार काचेची कौले बसविली व भिंतींना चुना दिला, की दिवसा दिव्याची गरज उरत नाही.

गव्हाण काढून टाकण्याची घाई पुष्कळजण करतात. ती चूक आहे. स्वच्छ घासून तिच्यावर फळ्या टाकल्या तर पुस्तके मांडावयास आयता कट्टा मिळतो; शिवाय येथे कोणाचे बैल बांधले जात, ही गोष्ट सांगावयास आजोबांना निमित्त मिळते. अशा जागेत केवळ मुलांनीच बसावे असे नाही. दुपारी बायकांनी धान्य निवडावे, म्हाताऱ्यांनी पान खात गप्पा माराव्यात, आणि सायंकाळी शेजारपाजारची पाचसहा मुले अभ्यासाला यावीत. शिक्षकाने आठवड्यातून एकदा डोकावले तरी पुरे; रोजची हजेरी घेऊ लागल्यास तिची दुसरी शाळा होईल व मुले यावयाची थांबतील.

भातलावणीच्या दिवसांत तेथे कोणी फिरकणार नाही. घरची सारी माणसे खाचरात असतात, मोठी मुलेही रोपांच्या जुड्या पोचवीत असतात. ते दिवस सुटीचेच धरावेत. लावणी आटोपली, की पहिल्या सायंकाळी दिवा कोणत्या घरच्या मुलाने लावावयाचा, एवढे आधी ठरवून ठेवावे.