साखर तपासली, पण लघवी तपासली का?



आज आम्ही आमच्या गटातल्या एका आक्कांची गोष्ट सांगणार आहोत. त्यांच्या परवानगीने सांगतोय, नाव मात्र घेत नाही.

आक्कांना दहा वर्षांपासून शुगर. गोळी वेळेवर, चहा बिनसाखरेचा. खुरपणीला गेलं की गुडघे दुखायचे, म्हणून दुकानातून दुखण्याची गोळी आणायच्या. आज एक, परवा एक. मागच्या वर्षी पाय सुजायला लागले. आम्हाला वाटलं, कामाचा शीण असेल. मग साखर एकदम कमी यायला लागली. आम्हीच हसून म्हणालो, "आक्का, तुमची शुगर गेली की!"

शुगर गेली नव्हती, किडनी थकली होती. किडनीचं काम मंदावलं की शुगरचं औषध अंगात जास्त वेळ राहतं आणि साखर खाली जाते. आता आक्कांना आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जावं लागतं. दर खेपेला साधारण चार तास मशीनवर. उपचार सरकारी योजनेतून मोफत होतात, पण गाडीभाडं आणि सोबत जाणाऱ्या सुनेची बुडालेली मजुरी कोण देणार? त्यासाठी गटातून कर्ज काढलं. तो ठराव लिहिताना आमच्या ध्यानात आलं, दहा वर्षांत आक्कांची साखर कितीदा तरी तपासली, लघवी एकदाही नाही.

सख्यांनो, किडनी म्हणजे रक्त गाळणारी चाळण. शुगर आणि बीपी वाढलेलं राहिलं की चाळणीची भोकं मोठी होतात आणि अंगातलं प्रथिन लघवीतून जाऊ लागतं. तेव्हा काहीच दुखत नाही. लघवीला फेस, पायाला सूज, भूक मरणं, ही लक्षणं दिसेपर्यंत बरंच नुकसान झालेलं असतं. झालेलं नुकसान बहुतेक वेळा भरून येत नाही, पण लवकर कळलं तर पुढचं लांबवता येतं.

म्हणून शुगर असलेल्या प्रत्येकीने वर्षातून एकदा दोन तपासण्या करायच्या. एक, लघवीतलं प्रथिन, म्हणजे अल्ब्युमिन. दुसरी, रक्तातलं क्रिएटिनिन. साखर आणि बीपी उपकेंद्रात तपासतात. या दोन तपासण्या कुठे होतील ते आशाताईंना किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा. डॉक्टरांनी सांगितलं नाही तर आपण होऊन विचारायचं, "माझी किडनी तपासायची का?" यात लाजायचं काही नाही. लघवीतून प्रथिन जात असेल तर किडनीला जपणाऱ्या गोळ्या आहेत, त्या डॉक्टर देतात.

आता घरी काय करायचं?

दुखण्याची गोळी मनाने घ्यायची नाही. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन अशा गोळ्या किडनीला बाधतात. गुडघा दुखला तर डॉक्टरांना आधी सांगा, "मला शुगर आहे." बाजारात कुणी शुगर मुळासकट घालवणारी पुडी विकत असेल तर ती घेऊ नका. काही भस्मांत शिसं, पारा असतो.

बीपी मोजत राहा. शुगर असलेल्या बहुतेकांचं बीपी १३०/८० च्या खाली असावं, पण आपल्यासाठी किती हवं ते डॉक्टरांकडून समजून घ्या. बरं वाटतंय म्हणून गोळी बंद करायची नाही.

मीठ कमी करा. एका माणसाला दिवसाला ५ ग्रॅम, म्हणजे एक छोटा चमचा पुरे. हिशोब सोपा आहे. चार माणसांच्या घरात मिठाची एक किलोची पुडी निदान ५० दिवस जायला हवी. तुमच्याकडे किती दिवस जाते, या वेळी पुडी फोडाल तेव्हा तारीख लिहून बघा. लोणचं, पापड, फरसाण यातलं मीठ वेगळंच. आणि सैंधव हेही मीठच.

तंबाखू, मिश्री सोडा. रानात सोय नाही म्हणून पाणी न पिणं, लघवी दाबून धरणं नको. लघवीला जळजळ झाली तर अंगावर काढू नका. मात्र पायाला सूज असेल तर पाणी किती प्यायचं हे डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

आमच्या गटाने आता एक केलंय. हजेरीच्या वहीत शुगर असलेल्या प्रत्येकीच्या नावापुढे लघवी आणि रक्त तपासल्याची तारीख लिहितो. पहिल्या खेपेला आम्ही सात जणी एकाच जीपने गेलो. दोघींच्या लघवीत प्रथिन निघालं. त्यांना काहीच त्रास नव्हता. आता त्यांची औषधं सुरू आहेत.

आक्का डायलिसिस नसेल त्या दिवशी बैठकीला येतात आणि पहिलं विचारतात, "कुणाची तारीख राहिली गं?"

तुमच्या गटातही पुढच्या बैठकीत हा प्रश्न विचारा.