साम्नियम : एका मायभूमीची कथा



नोकरीच्या निमित्ताने अनेक प्रांतांचे पाणी प्यालेल्या आम्हां मंडळींस 'मायभूमी' या शब्दाची विशेष ओढ असते. म्हणूनच इटलीतील एका प्राचीन मायभूमीविषयी चार शब्द बोलण्याचे आम्ही योजिले आहे.

दक्षिण-मध्य इटलीत, अपेनाइन पर्वताच्या कुशीत, सॅम्नाइट लोकांचा साम्नियम हा देश होता. आजचा मोलिझे प्रांत आणि त्याच्या सभोवतीचा डोंगराळ मुलूख म्हणजे तो होय. ते स्वतः आपल्या भूमीस 'साफिनिम' म्हणत. त्यांची भाषा ऑस्कन. एका वसंतात जन्मलेली मुले देवास वाहिली गेली, ती वयात येताच नव्या भूमीच्या शोधार्थ निघाली आणि एका बैलाच्या मागोमाग येथे पोहोचली, अशी त्यांच्या मूळ पुरुषांची दंतकथा आहे.

रोमशी त्यांची तीन युद्धे झाली. इ. स. पूर्व ३२१ मध्ये कॉडियमच्या खिंडीत त्यांनी रोमन सैन्य कोंडले आणि त्यास भाल्यांच्या जुवाखालून वाकून जावयास लाविले. परंतु २९० पर्यंत पारडे फिरले. पुढे ९१ मध्ये इटलीतील दोस्त जमाती रोमविरुद्ध उठल्या. त्यांच्या नाण्यावर इटलीचा बैल रोमच्या लांडग्यास शिंगांनी लोळवीत आहे, आणि अक्षरे ऑस्कन! अखेर ८२ मध्ये रोमच्या वेशीपाशी सुल्लाने त्यांचा पराभव करून हजारो बंदिवानांची कत्तल केली. हळूहळू लॅटिन भाषेने ऑस्कनची जागा घेतली.

पिएत्राब्बोन्दान्ते येथील त्यांच्या रंगमंडलाची दगडी आसने अद्याप शाबूत आहेत. १८४८ मध्ये आन्योनेनजीक सापडलेला, देवतांची नावे कोरलेला ऑस्कन भाषेतील कांस्यपट ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. मात्र त्यांनी स्वतः लिहिलेला एकही ग्रंथ उरला नाही. त्यांचे शौर्य आपण वाचतो ते लिव्हीसारख्या रोमन इतिहासकाराच्या, म्हणजे जेत्याच्या, लेखणीतून!

श्रोतेहो, दगड टिकतात, नाणी टिकतात. पण त्या समाजाने स्वतःविषयी काय म्हटले असते, हे दगड सांगत नाहीत. ते लिहूनच ठेवावे लागते. मायभूमीपासून दूर राहणाऱ्या आमच्या या मंडळाने पन्नास वर्षे ग्रंथालय चालविले, नाटके केली, इतिवृत्ते मराठीत लिहिली. त्या वह्या जपून ठेवाव्यात आणि पुढील पिढीने त्यांत आपल्या हाताने भर घालावी, एवढीच आमची विनंती आहे.