वृद्धाश्रमांची तपासणी आणि रहिवाशांचा माहितीचा अधिकार



१ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मराठवाडा हा हैदराबाद राज्याचा भाग होता. राज्यपुनर्रचनेने सीमा बदलल्या, तरी नातीगोती कायम राहिली. नांदेड, लातूरकडील अनेक कुटुंबांचे आप्त आजही हैदराबादेत वास्तव्य करून आहेत. त्यांपैकी काहींवर उतारवयात तेथील वृद्धाश्रमात राहण्याची वेळ येते. त्यांचे हित कोण पाहतो, हा प्रश्न म्हणूनच सीमेच्या अलीकडील लोकांचाही आहे.

जानेवारी २०२० मध्ये हैदराबादलगतच्या नागारम येथील एका खाजगी आश्रयगृहातून पोलिसांनी सत्तराहून अधिक व्यक्तींची सुटका केली. वृद्ध व मनोरुग्ण माणसे तेथे दाटीवाटीने ठेवलेली आढळली. शेजाऱ्यांनी तक्रार केली म्हणून ही गोष्ट उघडकीस आली. आत राहणाऱ्यांचा आवाज मात्र बाहेर पोहोचला नव्हता.

असे का घडावे? वृद्धाश्रमातील रहिवाशाची तक्रार बहुधा व्यवस्थापकाच्याच हातून पुढे जाते. तक्रार केली तर आपली खाट जाईल, ही भीती त्याच्या मनात असते. अधिकारी तपासणीस येतात, नोंदी करतात आणि परत जातात. अहवालात काय लिहिले गेले, दोष आढळले काय, ते दूर झाले काय, हे ज्याच्यासाठी तपासणी झाली त्यालाच कळत नाही.

आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थ व कल्याणाचा अधिनियम संसदेने २००७ साली संमत केला. प्रत्येक जिल्ह्यात निदान १५० निराधार ज्येष्ठांची सोय होईल असा वृद्धाश्रम राज्य शासनाने स्थापन करावा, तसेच त्यातील सेवांचे प्रमाण ठरवून द्यावे, अशी तरतूद त्यात आहे. परंतु ठरविलेले प्रमाण पाळले जाते की नाही, हे रहिवाशाला कळले तरच त्याला अर्थ आहे.

येथे माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ उपयोगी पडतो. वृद्धाश्रम खाजगी असला, तरी त्याच्या तपासणीचा अहवाल शासकीय कार्यालयात असतो. तो कोणाही नागरिकाला मागता येतो. माहिती कशासाठी हवी, याचे कारण सांगावे लागत नाही. ज्याला लिहिता येत नाही, त्याची तोंडी विनंती लिहून घेण्यास साहाय्य करणे हे जन माहिती अधिकाऱ्याचे कर्तव्य आहे. उत्तर ३० दिवसांत, आणि जीविताचा वा स्वातंत्र्याचा प्रश्न असल्यास ४८ तासांत मिळावे लागते. दारिद्र्यरेषेखालील अर्जदारास शुल्क नाही. रहिवाशांच्या आजारपणासारखा खाजगी तपशील वगळला जाऊ शकतो. परंतु तेवढ्या कारणाने संपूर्ण अहवाल नाकारता येत नाही. उत्तर न मिळाल्यास वरिष्ठ अधिकाऱ्याकडे अपील करता येते.

गावाकडील नातेवाइकालाही हैदराबादच्या कार्यालयाकडे टपालाने अर्ज पाठविता येईल. मात्र तो इंग्रजी, हिंदी किंवा तेथील राजभाषेत असावा. गावातील शिक्षकाने हिंदीत चार ओळी लिहून दिल्या, तरी काम भागते.

तातडीच्या प्रसंगी १४५६७ या क्रमांकावर दूरध्वनी करावा. ज्येष्ठांसाठी असलेल्या या मदतसेवेचा पहिला प्रयोग २०१७ साली हैदराबादेतच झाला आणि २०२१ मध्ये ती देशभर सुरू करण्यात आली.

हे दोन्ही अधिनियम महाराष्ट्रातही लागू आहेत. त्यामुळे अधिकाऱ्यांनी तपासणीच्या वेळी व्यवस्थापकास बाजूला ठेवून रहिवाशांशी बोलावे. मागील अहवालाचा सारांश आणि तक्रार कोठे करावी याची माहिती रहिवाशांच्या भाषेत, ठळक अक्षरांत दर्शनी भिंतीवर लावून घ्यावी. आप्तांनी भेटीस जाताना फळांबरोबर एक प्रश्नही न्यावा : "मागच्या तपासणीत काय आढळले?" हा प्रश्न विचारणारे कोणी आहे, एवढे कळले तरी आत राहणाऱ्या वृद्धाला धीर येतो आणि व्यवस्थापनही सावध राहते.