साखर पडायच्या आधी बोला

हे नरडाणा आणि आसपासच्या खेड्यांतल्या बचत गटांच्या सगळ्या ताई, मावशी, आक्कांसाठी.

आज बोलायचं आहे ते चहाबद्दल. घरच्या नाही, बाहेरच्या चहाबद्दल. आणि ज्यांना शुगर आहे त्यांच्याबद्दल.

आपल्या बहुतेक गटांत आता एखादीला तरी शुगर निघालेली असते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची मोठी पाहणी २०२३ साली प्रसिद्ध झाली. तिच्यानुसार देशात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे. म्हणजे हा काही फक्त शहरातल्या, बसून खाणाऱ्यांचा आजार राहिलेला नाही.

घरी आपल्या बाया सगळं सांभाळतात. गोळी वेळेवर घेतात, भात कमी करतात, गोडाला हात लावत नाहीत. पण घराबाहेर पाऊल टाकलं की घोळ होतो. आखाजीला लेकी माहेरी येतात, मग या घरी चहा, त्या घरी चहा. लग्नसराईत तर विचारूच नका. "नको" म्हटलं की समोरची म्हणते, "घोटभर ले ना व माय, एवढ्याने काय होतं?" आणि आपण मान राखायला घेतो.

एवढ्याने काय होतं, ते मोजून बघू. एका कपात दोन चमचे साखर धरा. पाच घरी पाच कप, म्हणजे दहा चमचे. एक चमचा साधारण ५ ग्रॅमचा, म्हणजे ५० ग्रॅम साखर झाली. एक वाटी श्रीखंड समोर आलं तर आपण हात जोडले असते. चहातून साखर गेली ती मात्र कोणाच्या हिशेबात नाही.

बाकीच्या पेयांचंही बघा. रसवंतीवरचा उसाचा रस पाव लिटरचा ग्लास घेतला तर त्यात भरपूर साखर असते, वरून काही न घालता. पाव लिटर थंड पेयाच्या बाटलीत पाचेक चमचे. गुळाच्या चहाच्या पाट्या आता जागोजागी दिसतात, आणि "गूळ चालतो" असं बायाच एकमेकींना सांगतात. तर बहिणींनो, गुळात बहुतांश साखरच असते. शुगर त्यानेही वाढते. लग्नातल्या मठ्ठ्यात बऱ्याचदा साखर घातलेली असते, तोही विचारूनच घ्यावा. नारळपाण्यात साखर कमी असली तरी असते, आणि किडनीचा त्रास असेल तर ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

मग मागायचं काय आणि कसं?

पहिली गोष्ट, साखर पडायच्या आधी बोला. टपरीवर चहा एकदम उकळतात, साखर पातेल्यातच असते. कप हातात आल्यावर "मला बिनसाखरेचा पाहिजे होता" म्हणून उपयोग नाही. बाकावर बसायच्या आधीच सांगा, "दादा, एक चहा बिनसाखरेचा, वेगळ्या भांड्यात."

दुसरी गोष्ट, "कमी साखर" म्हणू नका. त्याची कमी आणि आपली कमी यात फार फरक असतो. "साखर अजिबात नको" असं सरळ म्हणा. कोरा चहा मागितला तरी हे सांगा, कारण कोऱ्यातही साखर घालतात. आणि पहिला घोट लहान घ्या. गोड लागला तर कप बाजूला ठेवा. दहा रुपये गेले तर जाऊ द्या.

तिसरी गोष्ट, प्रवासातली. आपल्याकडून सुरतेला माणसांचं कायम येणं-जाणं. रेल्वेत डब्यात येणारा चहा तयार, गोडच असतो. विकणारा तरी काय करणार? जिथे गरम पाणी, चहाची पुडी आणि साखरेची पुडी वेगवेगळी मिळते, तिथे घ्या. नाहीतर पाण्याची बाटली आणि घरचं साधं ताक सोबत ठेवा. सोड्याच्या गाडीवर "लिंबू सोडा, खारा, साखर नको" म्हटलं की मिळतो. बीपी असेल तर मीठही थोडंच टाकायला सांगा.

चौथी गोष्ट, पाकीटबंद पेयांची. पुठ्ठ्यावर फळाचं चित्र बघून घेऊ नका. मागे तक्ता छापलेला असतो, त्यात १०० मिलीत साखर किती ते लिहिलेलं असतं. आपल्याला वाचता येत नसेल तर सोबतच्या पोरीला वाचायला सांगा. "वरून साखर घातलेली नाही" असं लिहिलेल्या फळांच्या रसातही फळाची साखर असतेच.

आता एक गोष्ट नीट ऐका, कारण इथे जिवाशी गाठ आहे. इन्सुलिन घेणाऱ्या किंवा शुगरच्या काही गोळ्या घेणाऱ्या बाईची शुगर कमीही होऊ शकते. गोळी घेतली, बस चुकली, जेवणाला उशीर झाला, की हातपाय थरथरतात, दरदरून घाम येतो, डोळ्यांपुढे अंधारी येते, बोलणं असंबद्ध होतं. त्या वेळी बिनसाखरेचं काही कामाचं नाही. तेव्हा साखरच लागते. तीन चमचे साखर पाण्यात ढवळून लगेच प्यायला द्या. पंधरा मिनिटांत बरं वाटलं नाही तर पुन्हा तेवढंच द्या. बरं वाटल्यावर काहीतरी खायला द्या. पण बाई बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, १०८ ला फोन करा. म्हणून शुगरवाल्या बाईच्या पिशवीत साखरेची पुडी असावी. रोज खायला नाही, वेळेला.

आणि म्हणूनच सोबतच्या बायांना माहीत पाहिजे की हिला शुगर आहे. पुष्कळ जणी लपवतात. पोरीचं लग्न जमायचंय, लोक काय म्हणतील. सगळ्या गावाला सांगू नका. पण जिच्याशेजारी बसमध्ये बसता तिला तरी सांगा.

आता यजमानीणबाईंना दोन शब्द. पाहुणीने साखर नको म्हटलं तर तो आपला अपमान नाही. आग्रह करायचाच असेल तर बसायचा करा. चहा बिनसाखरेचा उकळा आणि साखरेची वाटी बाजूला ठेवा. ज्याला जेवढी पाहिजे तेवढी तो घेईल. याला वेगळा खर्च नाही, उलट साखर वाचते.

गटाच्या बैठकीत हे सुरू करायला ठरावाचीही गरज नाही. पुढच्या बैठकीचा चहा ज्या ताईकडे असेल तिने नुसती वाटी वेगळी ठेवावी. ज्या गटांचं चहा-नाश्त्याचं दुकान आहे, त्यांनी एक किटली बिनसाखरेची ठेवून बाहेर तशी पाटी लावावी. आपल्याकडे एमआयडीसी आहे, महामार्ग आहे, येणाऱ्या-जाणाऱ्यांत शुगरवाले कमी नाहीत. पाटी दिसली की मागायला लाज वाटत नाही, आणि गिऱ्हाईक परत येतं.

शेवटचं. तिशी ओलांडली असेल तर आशाताईंना विचारा. शुगर आणि बीपीची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात मोफत होते. आधी कळलं तर पुढचं सोपं जातं.

येते मैत्रिणींनो. नमस्कार.