जमादारांची वसीयत : दख्खनच्या पैशावर उभे राहिलेले अरबी राज्य
(संगमनेर येथे दिलेल्या व्याख्यानाचा संक्षेप)



अरबांशी आपला संबंध म्हटला की आज आखातातली नोकरी आठवते. दोनशे वर्षांपूर्वी प्रवाह उलटा होता. येमेनच्या पूर्वेकडील हद्रमौत या कोरड्या प्रदेशातले तरुण पोटासाठी दख्खनमध्ये येत आणि मराठा सरदारांच्या किंवा निजामाच्या फौजेत चाकरी करत. १८१८ मध्ये मालेगावच्या किल्ल्यात अरब शिपायांनीच इंग्रजांशी जवळपास महिनाभर झुंज दिली.

अशाच तरुणांपैकी एक उमर बिन अवद अल-कुऐती. टोळी याफई. ते आधी नागपूरकडे राहिले, पुढे हैदराबादला निजामाच्या सेवेत जमादार झाले. त्या काळी जमादार म्हणजे स्वतःची पथके बाळगणारा बडा सरदार. १८६५ मध्ये त्यांचे निधन झाले. वसीयतीत त्यांनी संपत्तीचा एक तृतीयांश हिस्सा हद्रमौतच्या कामासाठी राखून ठेवला होता.

त्या पैशाच्या बळावर मुलांनी राज्य उभारले. १८६७ मध्ये शिहर बंदर घेतले, १८८१ मध्ये मुकल्ला. उमर यांचे पुत्र अवद पुढे सुलतान म्हणवले गेले. गंमत अशी की त्यांचे प्रतिस्पर्धी कथीरी आणि अवलकी हेही हैदराबादचेच जमादार. इथे एकाच दरबारात चाकरी आणि तिकडे एकमेकांवर तोफा!

आता माझा मुद्दा. हा पैसा आला कुठून? निजामाच्या तिजोरीतून. त्या तिजोरीत आपल्या मराठवाड्यातल्या शेतकऱ्याचा सारा जात होता. म्हणजे औरंगाबाद-परभणीच्या ज्वारीचा काही वाटा मुकल्ल्याच्या तटबंदीत गेला. तो शेतकरी कोणत्या धर्माचा होता, हे तिजोरीने कधी विचारले नाही. आपला इतिहास असा एकमेकांत गुंतलेला आहे. तो 'त्यांचा' आणि 'आपला' असा कापून वाटता येत नाही.

दुसरी गोष्ट. पैसा आणि बंदुका असूनही टोळ्यांची भांडणे थांबली नाहीत. १८८८ मध्ये कुऐतींनी इंग्रजांचे संरक्षण पत्करले आणि बाहेरच्या जगाशी स्वतंत्रपणे बोलण्याचा हक्क गेला. खरी शांतता आली ती १९३७ च्या सुमारास. सुमारे १,४०० टोळीप्रमुखांनी तीन वर्षांच्या तहावर सह्या केल्या. इंग्रज अधिकारी इंग्रॅम्स यांनी तो घडवला आणि मागे विमानांची धमकीही होती, हे विसरू नये. पण गावोगाव फिरून सह्या मिळवण्यात तिथल्याच सय्यद घराण्यातील मध्यस्थांचा मोठा वाटा होता. तेव्हाचे सुलतान सालेह बिन गालिब यांनी शाळांकडे लक्ष दिले. १९६७ मध्ये हे राज्य संपले.

मी संगणकावर काम करणारा माणूस, इतिहासकार नाही. पण या कहाणीतून एक समजते. बाहेर राहून कमावणाऱ्याने गावासाठी पैसा ठेवणे ही मोठी गोष्ट आहे; तेवढ्याने गाव सुधारत नाही. आज आपल्या तालुक्यातूनही मुले दुबई, रियाध, पुण्याहून पैसे पाठवतात. त्या पैशातून काय उभे राहावे, हे ठरवायला गावातल्या सर्वांनी एकत्र बसले पाहिजे. ती बैठक घेणे हे आपले काम आहे.