बारा महिने आणि दोन मुले

(संस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात वाचलेले भाषण)



संमेलनाच्या व्यासपीठावरून विद्वानांनी बोलावे, असा आपल्या संस्थेचा आजवरचा प्रघात. यंदा कार्यकारी मंडळाने तो मोडून आमच्यासारख्या सामान्य दांपत्यास ‘लहान मुलांच्या संगोपनाचे एक वर्ष’ हा विषय दिला. आम्ही उभयतांनी हे भाषण मुले निजल्यावर, स्वयंपाकघरात बसून, सहा रात्रींत लिहिले. वाचीत एक आहे. दुसरे सभागृहाबाहेर धाकटीला खांद्यावर घेऊन येरझारा घालीत आहे. तेव्हा ‘आम्ही’ हा शब्द येथे मोठेपणासाठी आलेला नाही, हे प्रथमच सांगून ठेवतो.

आमचे वर्ष चैत्रात सुरू होत नाही, जूनमध्ये होते. गेल्या वर्षीच्या जूनमध्ये थोरला शिशुवर्गात बसला आणि त्याच पंधरवड्यात धाकटीच्या आईची रजा संपली. प्रसूतीच्या रजेचा कायदा १९६१ सालचा. २०१७ साली त्यात दुरुस्ती होऊन पहिल्या दोन अपत्यांसाठी बारा आठवड्यांचे सव्वीस आठवडे झाले. ज्यांनी हे केले त्यांचे आम्ही ऋणी आहोत. परंतु हिशेब असा जमतो की, अर्भकास पहिले सहा महिने आईच्या दुधावाचून काही देऊ नये असे वैद्यकशास्त्र सांगते, आणि ज्या आठवड्यात उष्टावण करावयाचे त्याच आठवड्यात आईला फलाटावर उभे राहावे लागते. धाकटीने मऊ भाताचा पहिला घास रविवारी थुंकून टाकला. सोमवारी आईने गाडी धरली.

बोरिवली ते चर्चगेट हे अंतर सुमारे ३४ किलोमीटर. याच मार्गावर ५ मे १९९२ रोजी केवळ स्त्रियांसाठी असलेली पहिली लोकल धावली. स्त्रियांच्या डब्यात भाजी निवडतात, मटार सोलतात, हे आपण ऐकले असेल. आम्हांस तेथे आणखी एक गोष्ट आढळली. तान्हे मूल घरी ठेवून प्रथमच कामावर निघालेली बाई त्या डब्यात कोणी न सांगता ओळखली जाते, आणि पहिला आठवडाभर तिला बसावयास जागा मिळते. दुसऱ्या आठवड्यापासून मात्र तीही इतरांसारखी दाराशी लोंबते.

त्या दिवसांत घर चालले ते मुलांच्या आजीमुळे. ती तळकोकणातून आली होती. चार मुले तिने अंगणात वाढविली. येथे तिच्या वाट्याला चौथा मजला आणि बंद दार आले. गावी मूल रडले की दोन घरे पलीकडची बाई येऊन उचलते, येथे कोणी येत नाही, याचे तिला प्रथम आश्चर्य वाटे, मग राग येऊ लागला. आम्ही दोघेही मोठ्या चाळींत वाढलो. तेथील लांब गॅलरीत कोणाचे मूल कोणाच्या दाराशी जेवते आहे, याचा हिशेब कोणी ठेवीत नसे. चाळीचे गोडवे गाणाऱ्यांत आम्ही नाही. सार्वजनिक नळावरची भांडणे आम्हांस आठवतात. तथापि त्या गॅलरीचे काम आता कोण करते, हा प्रश्न आमच्या मनातून जात नाही.

जुलैतील एका दिवशी त्याचे उत्तर मिळाले. सकाळपासून पाऊस कोसळत होता. दुपारी रुळांवर पाणी चढले आणि गाड्या थांबल्या. २००५ सालच्या २६ जुलैची आठवण येथे बसलेल्या पुष्कळांना असेल. सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला होता. हा दिवस तसा नव्हता, साधाच होता. तरीही मुलांचे वडील अंधेरीच्या कारखान्यात आणि आई दादरच्या फलाटावर अडकली. नेमकी त्याच दिवशी आजी डोळे तपासण्यास नातेवाइकांकडे पार्ल्यास गेली होती आणि मुलांजवळ केवळ घरकामाची बाई होती. तिची स्वतःची मुले एकटी. तिला पाचच्या ठोक्याला निघणे भाग होते. तिने थोरल्याचा हात धरला, धाकटीला कडेवर घेतले आणि समोरचे दार वाजविले.

समोर एक वृद्ध गुजराती बाई राहतात. सारी इमारत त्यांना ‘बा’ म्हणते. तीन वर्षांत आमचे त्यांच्याशी दिवाळीच्या ताटापलीकडे बोलणे झालेले नव्हते. रात्री साडेदहाला आम्ही दोघे भिजून पोचलो, तेव्हा थोरला खिचडी-कढी जेवून झोपला होता आणि धाकटी बांच्या मांडीवर त्यांच्या चष्म्याची काडी चघळीत होती. बा म्हणाल्या, “उद्याही पाऊस आहे. उद्याही ठेवा.” आम्हांस तेथे उभे राहून लाज वाटली, हे येथे मान्य करतो.

गणपतीनंतर आजी गावी परतली. तिकडे आजोबांचे गुडघे आणि भातकापणी होती. आजीने राहावे असे आपण गृहीत धरतो; तिचेही एक घर असते, हे आपण विसरतो. सप्टेंबरात पालिकेच्या आरोग्यकेंद्रात धाकटीला गोवर-रुबेलाची लस टोचून आणली, ताप उतरला आणि तिला एका खाजगी पाळणाघरात ठेवून पाहिले. बाई मायाळू, परंतु एका खोलीत सोळा मुले आणि दूरचित्रवाणी सतत चालू. तीन आठवड्यांत मूल तीनदा आजारी पडले. बांच्यावर रोजचा भार टाकणे त्यांच्या वयाला शोभणारे नव्हते.

शेवटी मुलांच्या वडिलांनी रात्रपाळी मागून घेतली. ऑक्टोबर ते मार्च, सहा महिने, आमच्या घरात आईबाप एका वेळी जागे असे क्वचितच होते. सकाळी एकाने दार उघडावयाचे, दुसऱ्याने मूल त्याच्या हाती देऊन निघावयाचे. दिवाळी आली आणि गेली. बोरन्हाण मात्र हौसेने केले, कारण पहिल्या संक्रांतीस धाकटी जेमतेम महिन्याची होती. यंदा बोरे आणि कुरमुरे डोक्यावर पडताच ती हसली आणि थोरल्याने हलव्याचे दाणे वेचून खिशात भरले. फेब्रुवारीत आईच्या कचेरीतून बढतीचे पत्र आले. काम वाढणार, घरी येण्यास रात्रीचे नऊ वाजणार. आम्ही दोन रात्री बोललो आणि पत्र परत केले. आम्ही त्याबद्दल रडगाणे गाण्यास येथे आलो नाही. परंतु विषय संगोपनाचा आहे आणि संगोपनाचा हा खर्च कोणत्याही वहीत मांडला जात नाही.

याच रेल्वेमार्गावर बोरिवलीच्या पुष्कळ उत्तरेस घोलवड स्थानक आहे, आणि तेथून जवळ बोर्डी. १९२६ साली गिजुभाई बधेका यांच्यासह नूतन बाल शिक्षण संघ उभा करणाऱ्या ताराबाई मोडक १९४५ साली बोर्डीस आल्या. ज्या मुलांना बालवाडीपर्यंत येणे जमेना, त्यांच्या अंगणात त्यांनी बालवाडी नेली. ‘अंगणवाडी’ हा आज देशभर झालेला शब्द तेथला. पुढे त्यांनी आणि अनुताई वाघ यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली. कारण साधे होते: धाकट्या भावंडाला सांभाळण्यासाठी मोठी बहीण घरी राही, म्हणून शाळेत पाळणा बांधला की ती शिकावयास येई. आमच्या घरात त्या बहिणीच्या जागी आई होती, एवढाच फरक.

आता आपल्या सभागृहाकडे येतो. ते वडिलांनी मोठ्या कष्टाने, घरोघर पावत्या फाडून उभे केले. लग्नांचे भाडे हा संस्थेचा आधार आहे, हे आम्ही जाणतो. परंतु आषाढी एकादशीपासून कार्तिकीपर्यंत लग्नाचे मुहूर्त नसतात, आणि सभागृह रिकामे राहते. ज्या महिन्यांत गाड्या बुडतात नेमके तेच महिने. शिवाय पोटमाळ्यावरील खोली बाराही महिने बंद असते. तेथे जुन्या स्मरणिकांचे गठ्ठे आहेत, ज्यांत हेही भाषण यथाकाल जाऊन पडेल. त्या खोलीत बारा मुलांचे पाळणाघर निघावे, दोन शिकलेल्या बायांना त्यात पगारी काम मिळावे आणि फी मिळकतीच्या मानाने असावी, अशी आमची विनंती आहे.

एक गोष्ट आणखी, जी काही जणांना रुचणार नाही. कार्यकारी मंडळातील एका सन्माननीय सदस्यांनी आम्हांस आधीच विचारले की, प्रवेश आपल्याच ज्ञातीच्या मुलांस राहील ना? आम्ही उत्तर दिले नाही, कारण जुलैच्या त्या रात्री बांनी आम्हांस आडनाव विचारले नव्हते. शिष्यवृत्त्या आपल्या मुलांसाठी असोत, वधूवर मेळावा आपला असो; परंतु पाळणाघराच्या दाराशी ती यादी नको. ही अट ठेवावयाची असेल तर आमचे नाव वर्गणीदारांत घालू नये.

खोली आम्ही मोजली आहे: अठरा फूट लांब, बारा फूट रुंद. खिडक्या दोन, त्यांना गज आहेत, परंतु जाळी लागेल. जिन्याला खालच्या बाजूस फाटक हवे. नळ वर नाही. तो नेण्याचा खर्च आमच्या ओळखीच्या नळकामगाराकडून काढून कार्यवाहांकडे दिला आहे. पहिल्या वर्षीच्या वर्गणीसाठी कागद दाराशी ठेवला असून त्यावर बांनी सर्वांआधी सही केली आहे. बाहेरून धाकटीचा आवाज येऊ लागला आहे, तेव्हा आपली रजा घेतो.